गाणं बरं आहे

मी शिंपीण आहे आणि हिंदी सिनेमातल्या गाण्यांची परीक्षणं लिहिते. या दोन गोष्टी एकाच बाईनं कराव्यात याचं लोकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. दोन्हीकडे काम तेच. समोरचा म्हणतो झकास झालंय, आणि आपण कापड उलटं करून आतली शिवण बघायची.

कणकवलीहून ‘भरतीरेषा’ नावाचं साप्ताहिक निघतं. त्यात अकरा वर्षं माझं सदर येतंय, ‘कानाचं माप’. संपादक कौस्तुभ माझ्या भाच्याच्या वयाचा. सुरुवातीला त्याला तारे हवे होते, पाचपैकी साडेतीन वगैरे. मी म्हटलं, बाबा रे, अर्धा तारा कसा दिसतो ते आधी मला दाखव. माझ्याकडे चार शब्द आहेत. चांगलं, बरं, चालेल, आणि कशाला केलं. त्यातल्या शेवटच्यावरच हल्ली माझा संसार चालतो. ‘चांगलं’ मी अकरा वर्षांत नऊ वेळा लिहिलंय, आणि नवव्यांदा लिहिलं तेव्हा कौस्तुभनं फोन करून विचारलं, ‘प्रेमलताताई, ताप वगैरे नाही ना?’

माझं दुकान कुणकेश्वरच्या तिठ्यावर. सिनेमाची नवी गाणी आली की मी फोन मशीनच्या फळीवर ठेवते आणि ब्लाउज शिवता शिवता तीनदा ऐकते. मशीनला मी मोटर लावलेली नाही, पायानंच चालवते. पहिल्या खेपेला फक्त पाय काय करतो ते बघायचं. गाण्यात दम असेल तर पाय आपसूक त्याच्या तालावर पडतो आणि टीप वाकडी जाते. दुसऱ्या खेपेला शब्द. तिसऱ्या खेपेला राहिलंसाहिलं. आणि ओळख बघून माप सैल धरायचं नाही. सख्ख्या नणंदेचा ब्लाउज माझ्या हातून बिघडला तर तो बिघडला, आणि तिचा दंडच जाड झाला असेल तर तेही मी सांगते. नणंद आता देवगडला शिवून घेते.

एवढ्या फटकळ बाईला मैत्रीण असावी हेच विशेष. पण आहे. आनंदीबाई. माझ्या दुकानासमोर तीस वर्षं मासे विकायला बसते. सोमवारी मात्र गावात मासे कोण घेणार, देवाचा वार. म्हणून सोमवारी दुपारी ती माझ्याकडे येते, आणि ‘भरतीरेषा’ही सोमवारच्याच एसटीनं येतो. तिला वाचता येत नाही. मी माझं परीक्षण तिला मोठ्यानं वाचून दाखवते आणि ती प्रत्येक संगीतकाराची बाजू घेते. ‘पेमा, तेनां मन लावन केल्यान आसतला गो,’ असं दर सोमवारी.

तिचा एकुलता मुलगा निकेत. गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, असली की दोन्ही बुवा राहिले बाजूला, लोक याचा हात ऐकायला दोडामार्गाहून यायचे. नऊ वर्षांपूर्वी मुंबईला गेला. दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत राहिला. गेली दोन वर्षं तर घरी फिरकलाही नाही. स्वतःच्या नावावर एक गाणं लागल्याशिवाय तोंड दाखवणार नाही म्हणाला होता, आणि हट्टी माणूस, खरंच दाखवलं नाही. यंदा लागलं. एका हिंदी सिनेमात चार गाणी, पहिली तीन मोठ्या नावांची, चौथं निकेतचं.

त्यानं आईला फोन केला. ‘मावशीचां परीक्षण येवंदे, मगे फुडच्या सोमवारी घराक येतंय.’ मला निरोप वेगळा. मुंबईत सगळे मिठ्या मारून छान छान म्हणतात, त्यातलं खरं काय ते कळत नाही, तू ओळख बाजूला ठेवून लिही.

आनंदीबाईनं त्याच दिवशी घर सारवायला घेतलं.

मी गाणं ऐकलं. तीनदा नाही, सहादा. मुखडा असा बसला होता की माझा पाय दोनदा चुकला. अंतरा आला आणि पाय परत आपल्या वाटेनं चालू लागला. गाणारा वर वर जातोय आणि खाली काहीच नाही. मी पदर खोचून बसले आणि लिहिलं: ‘चौथं गाणं आपल्या कुणकेश्वरच्या निकेतचं. गाणं बरं आहे. मुखडा अंगासरसा बसतो. अंतरा मात्र पोकळ आहे, त्याला आतून अस्तरच नाही.’ पाठवण्याआधी दोनदा वाचलं हे कबूल करते. पण पाठवलं.

सोमवारी आनंदीबाई आली, पायरीवर बसली. पहिल्या तीन गाण्यांचं वाचून झालं. ते ती नीट ऐकतही नव्हती. मग मी चौथ्याशी आले.

‘गाणं बरं आहे,’ मी वाचलं.

‘काय म्हटलंस? परत वाच.’

‘गाणं बरं आहे.’

‘बरां!’ ती उठूनच उभी राहिली. ‘माजे बाये! पेमा, तू बरां म्हटलंस! तू कोणाक म्हणून बरां म्हणनस नाय!’

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या मालवणीत बरो म्हणजे चांगला. बरो माणूस म्हणजे सज्जन, बरी सुरमय म्हणजे ताजी फडफडीत. त्याच्यावर दुसरा शब्द आम्ही शोधायला जात नाही. मराठीतलं ‘बरं’ वेगळं. मुलगी पाहून आलेला मुलगा ‘बरी आहे’ म्हणाला की ते स्थळ संपलं म्हणून समजावं. मी मराठीत लिहिलं होतं, आनंदीबाईनं मालवणीत ऐकलं. पुढच्या दोन ओळी वाचायला मी तोंड उघडलं, पण ती कुठे थांबतेय! पदर सावरत तिठ्याच्या मधोमध पोचलीसुद्धा. पानवाल्याला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, मंदिराकडे निघालेल्या कोल्हापूरच्या अनोळखी बायकांना थांबवून सांगितलं. मी पेपराची घडी घातली आणि कात्रीखाली ठेवून दिली. आपण चांगलं केलं की वाईट, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

बुधवारी ती दुपारच्या वेळी आली. टोपली अजून अर्धी भरलेली.

‘निकेत येणा नाय गो,’ ती म्हणाली. ‘काम लागलां म्हणता.’

मी सुईत दोरा ओवत राहिले. तो जात नव्हता.

‘दोन वर्सां वाट बघलंय,’ ती म्हणाली. ‘आनी चार दिस बघलां आसतंय. पण तेचो आवाज बरो नाय होतो. तुका काय म्हायत आसा?’

‘माका काय म्हायत?’ मी म्हटलं. परीक्षणात कधी खोटं लिहिलं नाही, आणि मैत्रिणीच्या तोंडावर खोटं बोलले. ती गेल्यावर मला माझाच राग आला, इतका की चांगल्या पोलक्याची बाही उलटी लावून बसले.

का येत नाही ते मला नको कळायला? पोरानं ते ‘बरं’ फोनवर वाचलं होतं. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आईला खरं सांगावं तर ती तोंडघशी पडणार, साऱ्या तिठ्याला सांगून बसलेली. नाही सांगावं तर मुलगा येत नाही. माझ्या एका शब्दापायी एका आईचा मुलगा मुंबईत अडकला होता. मी फोन लावला.

‘बोल मावशी,’ निकेत म्हणाला. आवाज कोरडा.

‘येणार होतंस मा?’

‘काम आसा.’

‘कामाचां माका सांगू नको.’

तो म्हणाला, ‘एक इचारू? आये फोनार सांगी होती, मावशीन बरां लिवल्यान म्हणान. नाचाचीच काय ती बाकी होती. तू तां बरां मराठीतलां लिवलंस, काय मालवणीतलां?’

पोरगं हुशार. दार उघडूनच उभं होतं, मी नुसतं आत पाऊल टाकायचं. ‘मालवणीतलां रे’ म्हटलं असतं की सगळं सुरळीत. तो आला असता, आनंदीबाई खूष, मी खूष. जीभ अगदी टाळ्याला लागली होती. पण त्यानं मला खरं विचारलं होतं. मुंबईभर हिंडून खरं विचारायला त्याला माझ्याकडे यावं लागलं होतं, आणि मीही त्याच्या त्या मिठ्या मारणाऱ्यांतली निघाले असते.

‘मराठीतलां,’ मी म्हटलं.

मला वाटलं आता ठेवणार. त्यानं ठेवला नाही.

‘अस्तर नाय म्हणजे काय?’

‘अंतऱ्याक गाणारो वर जाता आणि खाली काय नाय. हात घातलो तर आरपार.’

‘खाली काय नाय?’ त्याचा आवाज चढला. ‘मावशी, तू तां कशार आयकलंस?’

‘फोनार.’

‘कानात घालून?’

‘तां माका जमणा नाय. फोन मशीनीर ठेवलंय नि आयकलंय.’

‘आनी मशीन चालू?’

‘चालूच.’

‘सा दिवस!’ तो ओरडला. ‘सा दिवस मी सोता पखवाज वाजवलंय त्या अंतऱ्याक! खाली काय नाय म्हणता! सोमवारी येतंय मी. तुझ्या पायां पडूक नाय, भांडूक येतंय!’

‘ये तर,’ मी म्हटलं. मलाही चेव आला होता. ‘बघूया कोण कोणाक गप करता.’

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो येतोय. कशाला का येईना! मी उठले, रस्ता ओलांडून गेले आणि आनंदीबाईला इतकंच सांगितलं की निकेत सोमवारी येतोय. तिनं हातातला बांगडा तसाच धरून ठेवला. गिऱ्हाईक तिच्याकडे बघत राहिलं.

सोमवारी सकाळी ती देवळात गेली होती तेव्हाच हा आला. नांदगाव स्टेशनात उतरून रिक्षा करून थेट माझ्या दारात. खांद्याला पिशवी आणि गळ्यात करवंट्यांएवढे हेडफोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘मशीन बंद कर,’ म्हणाला. ते दुकान माझं असून मी मुकाट्यानं पाय उचलला. त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवले. बाहेरचा तिठा एकदम नाहीसा झाला.

मुखडा माझ्या ओळखीचा. मग अंतरा आला, गाणारा वर चढला, आणि खालून पखवाज आला. हळू, भरलेला, जमिनीतून यावा तसा. प्रत्येक ओळ त्याच्यावर टेकत होती. मी सहा वेळा ऐकून हे ऐकलं नव्हतं. अकरा वर्षं स्वतःला कानाची बाई समजत होते, कान कसले, भोकं नुसती. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, कारण गाणं चांगलं होतं.

‘अस्तर आसा,’ मी हेडफोन काढून म्हटलं.

‘आसा मा?’

‘आसा. माझी चूक. फुडच्या अंकात तशी छापतंय.’

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं त्याच्यासाठी दहा दिवाळी अंक ओवाळून टाकावेत. पण गप्प बसेन तर मी कसली. ‘आता माझां आयक,’ मी म्हटलं. ‘ह्यां टोपल्याएवढां कानार घेवन कोण गाणां आयकता? एसटीचो डायवर कशार आयकता? फोनार. तुझी आवस? तिठ्यार, फोनार. तुझां अस्तर त्या भोकातसून भायर येणा नाय. मगे चूक कोणाची? माझी, का फोनाची, का तुझी?’

‘म्हणजे आता मी फोनासाठी गाणी करू?’

‘फोनासाठी नको करू. फोनातसून पण आयकाक येतली अशी कर.’

‘तुका काय कळता त्यातलां!’

‘तां कळना नाय, पण आयकाक नाय इलां तां कळता!’

आम्ही दोघं असे तावातावानं भांडत होतो की पानवाला दुकान सोडून बघायला आला. शेवटी निकेतनं मान खाजवली. ‘तिकडे एकान ह्यांच सांगलेल्यान,’ तो पुटपुटला. ‘मी आयकाक नाय.’

तेवढ्यात दारात आनंदीबाई. हातात प्रसादाचा नारळ. कधीपासून उभी होती देव जाणे. दोन वर्षांनी मुलगा दिसला, तर त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून म्हणाली, ‘वाळलंस.’ मग माझ्याकडे वळली.

‘आनंदी,’ मी म्हटलं, ‘त्या दिसा मी तुका सगळां वाचून नाय दाखवलंय. फुडे...’

‘पोकळ. अस्तर नाय,’ ती म्हणाली. ‘मंगळवारीच त्या अंगणवाडीतल्या पूजाकडसून वाचून घेतलंय. तुझां तोंड बघलंय तेवाच कळलां, ही बाय कायतरी गिळता म्हणान.’

‘मगे आठवडाभर बरां बरां म्हणान कित्या सांगत फिरलंस?’

‘तू मराठीत लिवलंस, मी मालवणीत सांगलंय,’ ती म्हणाली. ‘माझ्या झिलाचां गाणां. माझ्या तोंडान मी वाईट सांगू?’

आपला तो बाब्या. माझ्यावर रागावलेलीही नव्हती ती, नाहीतर नारळ मी फोडावा म्हणून माझ्या हातात दिला नसता.

निकेत मात्र तिच्याकडे बघत होता. ‘आये,’ तो म्हणाला, ‘तुका कसां वाटलां?’

हे तिला अजून कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. तीस वर्षांची मैत्रीण मी, एवढी परीक्षणं वाचून दाखवली, पण गाणं तिला आवडलं का, हे काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

‘माका खंय कळता,’ ती म्हणाली.

‘तरी.’

‘खरां सांगू?’ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘शंभर खेपा आयकलंय. मासे इकतानाय लावन ठेवतंय. पण गाता तो दुसरोच कोण. शब्द हिंदी. सगळ्यांका सांगतंय माझ्या झिलाचां, आनी मनात तुका शोधतंय, खंय आसा, खंय आसा. तू त्यात माका गावनसच नाय.’

निकेतनं तिला पायरीवर बसवलं, स्वतः खाली बसला, आणि हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवून अंबाड्यामागून सरळ केले. गाणं लावलं. ती डोळे मिटून बसली, देवळात बसते तशी. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मुखडा संपला असेल, अंतरा लागला असेल, अशी आम्ही दोघं नुसती मनात मोजत होतो.

‘रे!’ ती एकदम ओरडली. कानांवर ते असल्यावर माणसाला आपला आवाज कळत नाही. सगळ्या तिठ्यानं ऐकलं. ‘रे मेल्या! कणीक जास्त लायलंस!’

पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. त्यानं आवाज खाली उतरतो. निकेत भजनाला निघायचा तेव्हा ती कणीक हीच मळून द्यायची, आणि तो तिच्यातली मूठभर चोरून जास्त लावायचा, आवाज जड येतो म्हणून. दर वेळी ती त्याच्यावर ओरडायची. हे मला तोवर माहीत नव्हतं. जगात दोनच माणसांना माहीत होतं.

‘कितीदा सांगलंय तुका, थोडी लाय म्हणान!’ ती ओरडत होती, डोळे अजून मिटलेलेच, आणि त्यांतून धारा लागलेल्या. ‘आयकाक नाय तू! थय जावनय आयकाक नाय!’ मग तिचा हात चाचपडत खाली आला आणि निकेतच्या डोक्यावर थांबला. ‘ह्यो तूच,’ ती म्हणाली. ‘गावलंस.’

निकेत मान खाली घालून रडत होता. मीही रडले, लपवलं नाही. गाणं संपलं तरी तिनं हात काढला नाही.

‘परत लाव,’ ती म्हणाली.

त्यानं परत लावलं.